अम्मीचा उजवा कान

साखरेच्या रुग्णाला डॉक्टर 'चाला' म्हणतात, तेव्हा ते औषधच लिहून देत असतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पासष्टी ओलांडलेल्यांनाही त्यातून सूट नाही. पण हे औषध मेडिकलवर मिळत नाही आणि कुणी चमच्याने पाजूही शकत नाही.

माझ्या अम्मीने ते दोन वर्षं नेमाने घेतलं, कारण सोबत अब्बा असायचे. फजरनंतर दोघं बुढी लेनमधून निघत, आमखास मैदानाच्या कडेने दिल्ली गेटला येत आणि रस्ता ओलांडून हिमायत बागेत शिरत. जुन्या आंब्यांखाली दोन फेऱ्या. अब्बा बोलायचे, अम्मी ऐकायची. अब्बांच्या इंतकालानंतर इद्दत संपली, तरी अम्मी घराबाहेर पडेना. "अकेली क्या चलूं? बोलनेवाला कोई नै," एवढंच म्हणायची. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा साडेसातवरून नऊच्या वर गेला.

माझा मुलगा म्हणाला, "नानीला हेडफोन घेऊन देऊ. तिलावत ऐकेल, तफसीर ऐकेल. बोलणारा कानात आला की चालेल ती." मला पटलं. अम्मीला मात्र नाही. "कान में डालके चली तो पीछे की गाडी कैसी सुनूं?"

तिचा प्रश्न आमच्या उत्साहापेक्षा शहाणपणाचा होता. लहानपणी वाहणाऱ्या कानामुळे तिला डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं. सगळी मदार उजव्या कानावर. हेडफोन डाव्या कानात घातला तर आवाज नाही, उजव्यात घातला तर रस्ता नाही. आणि दिल्ली गेटपाशी सकाळी सहालाही दुचाक्या-रिक्षा कुठून येतील याचा नेम नसतो. रिक्षावाला हॉर्न वाजवला की आपलं कर्तव्य संपलं असं समजतो.

आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर हेडफोनचं दुकान नंतर, ही तपासणी आधी. त्यात दोन तऱ्हांनी ऐकवतात: एकदा कानावाटे, एकदा कानामागच्या हाडावाटे. हाडावाटे नीट ऐकू आलं, तर आतली नस ठीक आहे आणि दोष पडद्यात किंवा मधल्या कानात आहे असा अर्थ निघतो. अम्मीचं तसंच निघालं. डॉक्टर म्हणाले, गालफडाच्या हाडावर टेकणारे 'बोन कंडक्शन' हेडफोन तिला चालतील. कानाचं भोक उघडं राहतं, रस्ताही ऐकू येतो.

उपाय अचूक होता, पण नावाजलेल्या कंपनीचा असा हेडफोन कित्येक हजारांत जातो. अम्मीने किंमत ऐकूनच तोंड फिरवलं. पैठण गेटला मोबाइलच्या दुकानांत शोधलं, तर नऊशे रुपयांतही डब्यावर तेच शब्द! घरी निघण्याआधी माझ्या मुलाने एक युक्ती केली. तो हेडफोन लावून दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज खरोखर हाडातून येत असेल, तर कान बंद केल्यावर तो कमी होत नाही, उलट भरदार होतो. इथे आवाज जवळजवळ गेलाच. म्हणजे कानाजवळ ठेवलेला साधा छोटा स्पीकर. दुकानदार हसला, "बेटे, नौ सौ में क्या हड्डी बजेगी?"

मग साधा हेडफोन घ्यायचा, पण वापराचा नियम ठरवायचा, असं झालं. वायरचा सर्वांत स्वस्त आणि चार्जिंगची कटकट नाही, पण स्कार्फच्या पिनेत वायर अडकते, आणि आता पुष्कळ मोबाइलना गोल पिनचं भोकच नसतं. सुटे, डबीतले बड दिसायला सुरेख. स्कार्फ बांधणाऱ्या बायकांना मात्र माझा सल्ला वेगळा आहे. कापड सारखं केलं की बड निघून पडतो, आणि स्पर्शाचं बटण असेल तर कापडाच्या घासण्याने सूरह मध्येच थांबते किंवा कुणाला तरी फोन लागतो. नेकबँड त्यामानाने बरा. मे महिन्यात मानेला घाम येतो खरा, पण कानातून निसटला तरी गळ्यात राहतो.

दुकानदार "आपा, चालीस घंटे चलता, नॉइज कॅन्सल भी है" म्हणतो, तेव्हा थोडं थांबावं. ते तास बहुधा मध्यम आवाजावर मोजलेले असतात. आणि डब्यावर 'ईएनसी' लिहिलेलं असेल, तर ते फोनवर समोरच्याला आपला आवाज स्वच्छ जावा म्हणून असतं. बाहेरचा गोंगाट आपल्या कानापासून रोखणारं 'एएनसी' वेगळं, आणि रस्त्यावर चालणाऱ्याने ते घेऊच नये. घामासाठी 'आयपीएक्स ४' पुरे. कुठूनही उडालेले पाण्याचे शिंतोडे ते सोसतं. वायरलेस मालावर भारतीय मानक ब्युरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तोही पाहावा. आम्ही साडेआठशेत चुंबकाचा नेकबँड घेतला. दोन्ही बोंडं एकमेकांना चिकटवली की आवाज थांबतो.

घरी मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' सुरू केलं. एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी ही सोय आहे. डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज एकत्र होऊन येतो, काही सुटत नाही. आवाज निम्म्यावर. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगतात, पण ९० ला फक्त ४ तास. एकच चांगला कान असलेल्याने तर तो जपूनच वापरावा. वुजूच्या मसहनंतर कान ओले असतात, ते पुसूनच बोंड घालायचं, हेही अम्मीला सांगितलं.

नियम एवढाच: घरापासून बागेपर्यंत बोंडं गळ्यात चिकटलेली, दोन्ही कान मोकळे. बागेत शिरल्यावर उजव्या कानात. मोबाइलचा स्पीकरच लावून चालावं, असं एका नातेवाइकाने सुचवलं होतं. आजूबाजूला गप्पा चालू असताना कुराण मोठ्याने वाजत राहावं, हे मला अदबीचं वाटत नाही. अम्मीलाही नाही.

पहिला आठवडा मी सोबत गेले, मग शाळेमुळे जमेना. ती एकटी जाऊ लागली. मागच्या तपासणीत आकडा आठच्या खाली आला. बागेत तिला आता शहागंजच्या दोघी जणी भेटतात, त्यातल्या एकीला बोलायची फार हौस आहे. त्या आल्या की अम्मी बोंड काढून गळ्यात चिकटवते. त्यामुळे नेकबँडचं चार्जिंग आठवडाभर उतरत नाही, आणि माझा मुलगा विचारतो, "नानी, वापरतेस ना गं?"