सैल मुठीचं ऋण

चिंचोळी एमआयडीसीत मला पगार देणारे बरेच भेटले, हात देणारे एकच, आमचे आण्णा. सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, कारखान्यात अस्सल सोलापुरी मराठी. वडिलांचा माग सोडून हे लोखंडात शिरले. सुट्या भागांवर नाव-नंबर उठवायच्या डायांवर उलटी अक्षरं कोरणं, हे आमचं काम. चादरी-टॉवेलच्या गावात या धंद्याची कुणाला खबरही नसते.

हवेवर चालणारं ग्रेव्हर हाती आलं की नवा पोरगा ते छिन्नीसारखं आवळतो आणि अंगाचा जोर लावतो. आण्णा मुठीवर टिचकी मारायचे. "दाबायलास कशाला बे? ठोके हवा मारतीय. तू नुसती वाट दाव." मागची मूठ तळव्यात टेकलेली, तर्जनी दांड्यावर, अंगठा टोकाशेजारी थेट जॉबवर. अंगठा हाच ब्रेक. डावा हात टोकाच्या वाटेत कधीच आणायचा नाही. वळण आलं तर मनगट पिळायचं नाही, व्हाइस फिरवायचं. हत्यार जास्त उभं झालं की टोक रुतून मोडतं, आडवं झालं की घसरून ओरखडा काढतं. मधला कोन त्यांनी तोंडानं कधी सांगितला नाही, माझा हात धरून दाखवला. लाइनला सहा-सात किलो दाब असला तरी रेग्युलेटरवर उतरवून घ्यायचे. बाकीचा हिशेब पायाखालच्या पेडलवर.

सैल धरण्याचं दुसरं कारण मी फार उशिरा वाचलं. 1918 साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी हवेच्या हातोड्यावर चुनखडी घडवणारे कारागीर तपासले. हातोड्याच्या कंपानं थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक आणि बधिर व्हायची. मूठ जितकी घट्ट, तितका कंप हातात जास्त उतरतो. आण्णांनी यातलं काही वाचलं नव्हतं. तरी सुटणारी गार हवा बोटांवर येऊ द्यायची नाही, मधूनमधून हत्यार ठेवून हात चोळायचे, हा त्यांचा नेम. माझ्या बरोबरीच्या एका ग्राइंडरवाल्याला आज हिवाळ्यात शर्टाची गुंडी लावता येत नाही. माझी बोटं शाबूत आहेत.

खंडेनवमीला मी आण्णांना नारळ आणि शर्टपीस द्यायचो. ते मुकाट्यानं घ्यायचे आणि लगेच माझ्या ग्रेव्हरचं टोक उजेडात धरून विचारायचे, "धार कोण लावणार, तुझा सासरा?"

पोरांनो, गारठ्यात बोटं पांढरी पडत असतील, मुंग्या येत असतील, तर कामाची सवय म्हणून सोडून देऊ नका. वेळीच डॉक्टरला दाखवा. दुखणं वाढल्यावर बोटं पूर्ववत होत नाहीत.