हरणाच्या शिंगांचे गुण

आयुष्यभर पेपर तपासले, पण हरणाच्या शिंगांनाही गुण देतात हे अमेरिकेत लेकीकडे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. विस्कॉन्सिनमध्ये तिच्या शेजारी राहणारे आजोबा धनुष्यबाणाने मारलेल्या हरणांची शिंगं मोजतात. १९६१ साली स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबचे ते अधिकृत मोजणीदार. काम बिनपगारी.

शिकारीनंतर शिंगं ६० दिवस वाळू द्यायची, कारण ओलं हाड आकसतं. (हो, हाडच! गाईचं शिंग जन्मभर राहतं, हरणाचं दरवर्षी गळून नवं येतं. आपण दोन्हींना शिंगच म्हणतो.) मग पाव इंच रुंदीची पोलादी टेप घेऊन दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, दर शिंगाचा चार ठिकाणी घेर आणि दोन शिंगांमधलं आतलं अंतर मोजायचं. एक इंचही लांब नसलेला फाटा, फाटा म्हणून धरतच नाहीत. सगळं इंचाच्या अष्टमांशात, आपल्या रुपयातल्या दोन आण्यांसारखं. अर्धा इंच भरला तरी ४/८ च लिहायचं. जन्मभर मुलांना 'संक्षिप्त रूप द्या' म्हणणाऱ्या मला ते खटकलंच.

बेरीज झाली की कात्री लागते. डावं-उजवं जिथे जुळत नाही तिथे फरकाइतके गुण वजा. हे काही मला पटलं नाही. जनावराने वाढवलेलं हाड डोळ्यांसमोर आहे, आणि दुसऱ्या बाजूला तेवढं नाही म्हणून कापायचं? आजोबा म्हणाले, नियम सगळ्यांना एकच.

त्या दिवशी टेबलावर त्यांच्या जुन्या मित्राची शिंगं होती. या हरणासाठी तो तीन हंगाम मचाणावर थंडीत बसला होता म्हणे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या सरळ घडणीच्या शिंगांना नोंदवहीत जागा मिळायला १२५ गुण लागतात. बेरीज आली १२९ २/८. वजाबाकी ४ ३/८. उरले १२४ ७/८.

मित्र काही बोलला नाही. आजोबांनी आपणहून पुन्हा सगळं मोजलं. आकडा तोच.

आपण ३४ गुणांवर अडकलेल्या पोराचा निबंध पुन्हा वाचतो, कुठेतरी एक गुण सापडतो. इथे निबंधच नाही हो!

मित्राने शिंगं घोंगडीत गुंडाळली आणि कॉफी न घेताच गेला. टेप डबीत ठेवताना आजोबांनी विचारलं, "तुम्ही दिला असता का?"

मी दिला असता. तसं सांगितलंही त्यांना.