रकान्यांची वही

दिसायला ही वही साधीच. शंभर पानी, आडव्या रेघांची. पट्टीने उभ्या रेघा मारून पाडलेले रकाने. प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, पुरावा, दुसरा विचार. समुपदेशकाच्या खोलीतून ती विशीतल्या मुलामुलींबरोबर घरी येते आणि रात्री मोबाइलशेजारी उशाशी पडून असते.

हिचं कूळ फिलाडेल्फियाचं. उदास माणसाच्या मनात काही विचार आपोआप उमटतात आणि तो ते न तपासताच खरे मानतो, हे तिथले मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960च्या दशकात हेरलं; ते विचार लिहून तपासायची ही रीत त्यातूनच आली. हिची चुलत बहीण मराठी वाचकांच्या ओळखीची आहे: अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. ती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली.

वहीचा स्वभाव शांत, पण चिवट. ‘होईल सगळं नीट’ असं ती कधीच म्हणत नाही, पुरावा मागते. रात्री पावणेबाराची एखादी नोंद अशी असते: ‘इन्स्टावर ग्रुपचे लोणावळ्याचे फोटो. मला विचारलंसुद्धा नाही.’ पुढच्या रकान्यात, ‘मी कुणालाच नकोय.’ दुःख शंभरपैकी 85. मग पुराव्याचा रकाना येतो. कुणालाच म्हणजे नेमकं कुणाकुणाला? पेन अडतं. बऱ्याच वेळाने उतरतं: ‘मला ताप होता तेव्हा यांच्यातलीच एक दवाखान्यात सोबत आली होती.’ शेवटी दुःख पुन्हा मोजायचं. 55.

शून्य नाही, आणि मला ही वही आवडते ती याचसाठी. डावललं गेल्याचं दुःख खरं आहे, ते ती राहू देते. ‘कुणालाच नकोय’ एवढंच खोडायला लावते.

फोनच्या वेळेचाही हिशेब ती ठेवते. बेक ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवत, तिथला 143 विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग 2018मध्ये प्रसिद्ध झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहाच मिनिटं वापरणाऱ्यांचा एकटेपणा आणि नैराश्य तीन आठवड्यांत कमी झालं होतं.

एक गोष्ट मात्र वहीच्या आवाक्यातली नाही. जगणंच नकोसं वाटत असेल, तर रकाने भरत बसू नका, लगेच माणसाशी बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. फोन चोवीस तास उचलला जातो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.