मारिओला मागे जाता येत नाही

आमटीत गूळ किती घालायचा, यावर लग्नाला अठरा वर्षं होऊनही आमच्या घरी एकमत नाही. मी चिपळूणचा, बायको सोलापूरची. लहानपणी जिभेला जी चव लागते ती जन्मभर सुटत नाही, हे खाण्याच्या बाबतीत सगळ्यांना पटतं. तेच व्हिडिओ गेमलाही लागू आहे असं मी म्हटलं, की मंडळी हसतात. पंचेचाळिशी गाठलेल्या आयटीवाल्याला अजून खेळायचं निमित्त हवंय, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. तोही अगदीच खोटा नाही म्हणा!

माझा मामा तेव्हा बहरीनला नोकरीला होता. १९९२च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला तो टँगचे डबे, निडोची पावडर आणि मनामाच्या बाजारात घेतलेला एक ‘टीव्ही गेम’ घेऊन. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये जो फॅमिकॉम काढला होता, त्याची ती नक्कल होती. आपल्याकडेही पुढे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी असल्या नकला घरोघरी पोचल्या. आत खुपसायच्या डबीला आपण सगळे ‘कॅसेट’ म्हणायचो. ती चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. या फुंकरीने खरं काही होत नाही, संपर्काच्या पट्ट्या पुन्हा नीट बसतात एवढंच, हे इंजिनिअर झाल्यावर कळलं. पण आजही ऑफिसात एखादी केबल काढून परत लावताना माझे ओठ आपोआप चंबू होतात.

वाडीतली आम्ही अकरा मुलं आणि खेळ एक. नियम साधा : एक जीव गेला की रिमोट पुढच्याच्या हातात. आजोबांच्या बातम्या लागेपर्यंत जेमतेम दोन-तीनदा पाळी यायची. बाकीचा वेळ दुसऱ्याचं बघत बसायचं. कुठल्या विटेत नाणं आहे, कुठल्या नळीतून खाली उतरता येतं, हे आम्ही खेळून कमी आणि बघून जास्त शिकलो.

तो सुपर मारिओ (१९८५) आज बघितला तर थक्क व्हायला होतं. सगळा खेळ मिळून ४० किलोबाइट! सकाळी व्हॉट्सअॅपवर ‘शुभ प्रभात’चं जे गुलाबाचं चित्र येतं, ते बहुतेक वेळा याहून मोठं असतं. जागा इतकी कमी, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. एक पांढरं रंगवलंय, एक हिरवं. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पडदा फक्त उजवीकडे सरकतो. एकदा पुढे गेलात की मागचा रस्ता बंद. डाव्या कडेला मारिओ नुसता धडकत राहतो. वर घड्याळ चालू, जीव तीन, आणि केलेलं जपून ठेवायची सोय नाही. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

या अडचणींनाच मी खेळ समजत आलो. २००३ मध्ये मास्टर्ससाठी इंग्लंडला गेलो. तिथे खोलीतल्या मित्राकडे प्लेस्टेशनवर ‘व्हाइस सिटी’ होता. सगळं शहर मोकळं, हवं तिथे गाडी घेऊन फिरा. तो रेडिओ लावून तासन् तास समुद्रकिनाऱ्याने गाडी हाकायचा आणि मी शेजारी बसून विचारायचो, “अरे, पण पुढचं काम काय आहे?” मला अजूनही मोकळं शहर मानवत नाही. एका बैठकीत संपणारा, चूक केली की शिक्षा करणारा खेळ असला की जीव रमतो.

ही फक्त आठवणींची गोडी आहे असं म्हणावं, तर मेंदूत तिच्या खुणा सापडल्यात. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी लहानपणी गेम बॉयवर भरपूर पोकेमॉन खेळलेल्या मोठ्या माणसांचे मेंदू तपासले. पोकेमॉनची चित्रं दाखवली की त्या सगळ्यांच्या मेंदूतला जवळजवळ एकाच जागेचा भाग जागा व्हायचा. न खेळलेल्यांचा होत नव्हता. जागा एकच का, तर सगळ्यांनी लहान वयात तोच चिमुकला पडदा तसाच डोळ्यांसमोर धरलेला होता. म्हणजे खेळाइतकाच तो कसा बघितला, यालाही अर्थ आहे. मला हे फार पटलं.

माझा एक बहरीनी सहकारी पन्नाशीचा आहे. त्याच्या घरी ‘सख्र’ होता. कुवेतच्या अल अलमिया कंपनीने ऐंशीच्या दशकात आणलेला, अरबी लिहू-वाचू शकणारा हा घरगुती कॉम्प्युटर. त्यावर कोनामीचा एक पेंग्विन बर्फातून धावायचा, खड्डे चुकवत, अंटार्क्टिकाच्या एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत. बाहेर पंचेचाळीस अंश आणि घरात पेंग्विन! त्यालाही आज फोनवर पुढे पुढे पळायचे खेळच लागतात. चहाच्या वेळी आमचं दोघांचं चांगलं जमतं.

माझा मुलगा तेरा वर्षांचा. जन्म इथलाच. त्याला मी हौसेने जुना मारिओ लावून दिला. तिसऱ्यांदा खड्ड्यात पडल्यावर त्याने विचारलं, “बाबा, परत पहिल्यापासून? पण ते तर मी आधीच केलं होतं ना!” मग म्हणाला, “मागे का जाता येत नाही?” मला उत्तर सुचलं नाही. चिपळूण, इंग्लंड, बहरीन असा उजवीकडेच सरकत आलेला मी, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

त्याची चव माइनक्राफ्टने घडवली आहे. २०११ चा हा खेळ. ठोकळे रचायचे, हवं ते बांधायचं. बांधलेलं तिथेच राहतं. त्याने आणि त्याच्या मित्राने मिळून त्यात बाब अल बहरीन उभारलंय, मागे सूकच्या गल्ल्या, आणि गुदैबियातली आमची इमारत. गेल्या जूनमध्ये मित्राच्या वडिलांची इथली नोकरी संपली आणि ते कुटुंब टोरांटोला गेलं. आपल्याकडे हे दर जूनला कुणाच्या ना कुणाच्या घरी होतंच. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता दुसरे भाडेकरू आहेत. पण शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, दोघं त्या इमारतीत भेटतात. मित्राच्या मजल्यावर त्यांनी मशाली लावून ठेवल्यात.

याने मुलाची आवड कशी घडेल? धीर, पाळी, हरणं हे सगळं जे मला वाडीत मिळालं, ते त्याला मिळतंय का, याची काळजी मला वाटते. त्याच वेळी हेही दिसतं की, अठराव्या वर्षी तो इथून शिकायला बाहेर पडेल तेव्हा परत यायला व्हिसा लागणार नाही असं एक बहरीन त्याच्याजवळ असेल. चिपळूणची आमची वाडी आता नाही; तिथे सात मजली इमारत आहे.

मागच्या शनिवारी मला त्या जगात घेतलं. मी घुसलो आणि सवयीने सरळ पळत सुटलो. हेडफोनमधून टोरांटोचा आवाज आला, “काका, कुठे चाललात?”

“पुढे काय आहे ते बघतो.”

“पुढे पण असंच आहे. तुम्ही घरी या ना! अंधार पडला की झाँबी येतात.”