बदली गायकाचा अल्बम

डूम मेटल म्हणजे रॉकमधला विलंबित ख्याल! संथ लय, जडशीळ गिटार आणि मरणाबिरणाची गाणी. स्वीडनचा कँडलमास हा त्यातला मोठा बँड आणि मेसाया मार्कोलिन ही त्याची ओळख. अंगात साधूचा झगा, गळ्यात ऑपेराछाप कंप. १९९१ मध्ये तो बाहेर पडला आणि १९९२ चा 'चॅप्टर सिक्स' थॉमस विकस्ट्रॉम गायला.

आपले नाटकवेडे 'रिप्लेसमेंट' म्हटलं की तिकीट काढण्याआधीच नाक मुरडतात ना, तसंच झालं. अल्बम मागे पडला, दोनेक वर्षांत बँडही मोडला.

मी जुरोंग ईस्टला गाडी बदलतो तेव्हा बऱ्याचदा हाच अल्बम कानात असतो. 'व्हेअर द रून्स स्टिल स्पीक' तिथे सुरू केलं, तर बुकित बातोक मागे पडलं तरी चालूच! विकस्ट्रॉम ऑपेरा गायकाचा मुलगा. आवाज स्वच्छ, वरच्या पट्टीत सहज फिरणारा. काही गाणी पूर्वीपेक्षा जलद आहेत हे खरं, पण ती रचणारा बासवादक लाइफ एडलिंग जुनाच. बदल केला बँडने, बोल लागला नव्या गड्याला.

आणि गंमत म्हणजे मार्कोलिन तरी मूळचा कुठे? १९८६ चा पहिला अल्बम योहान लेंगक्विस्ट पाहुणा म्हणून गायला होता. (२०१८ मध्ये तोच परत आला!) म्हणजे ज्याच्यासाठी लोक हळहळले, तोही बदलीच.

असो. एकदा ऐकाच, पण मार्कोलिनला न शोधता.