घर ते विहीर ३४० मीटर : ऑफिसातला जुना स्विच शेतात

मोटर खोलीतल्या डब्याचा फोटो टाकल्यापासून 'हे काय बसवलंय?' म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथंच लिहितो.

आधी गरज काय ते. द्राक्षाची गोडी छाटणी झाली की फुटव्यापासून फुलोऱ्यापर्यंत रात्रीचा पाऊस म्हणजे डावणीची धास्ती. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, यावर सकाळची फवारणी ठरते. प्लॉटमधलं हवामान केंद्र हे मोजतं, पण आकडा घरापर्यंत आला तर उपयोग. नाही आला तर अंदाजानं मारा. मग खर्चही वाढतो आणि निर्यातीच्या मालात रेसिड्यूची चिंता वेगळीच.

पूर्वी खांबावर वायरलेस डिश होती. शेजारचा ऊस डोक्यावर गेला की सिग्नल पडायचा. ते एक वेळ चाललं असतं, पण वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि खांबावरून उतरलेल्या तांब्याच्या केबलमधून घरातला राउटर, टीव्ही आणि ड्रिपचा कंट्रोलर एकदमच गेले. तसंही तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच धरायची, आणि आमचं अंतर ३४०. म्हणून फायबर. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही.

फायबर घेताना एक गोष्ट नीट बघा. उंदरांपासून राखायला आत लोखंडी पत्रा किंवा तार असलेली केबल मिळते. ती घेतली तर विजेला पुन्हा वाट मिळाली. मी बिनधातूची, सिंगल मोड, चार कोरची घेतली. दोन कोर वापरात, दोन राखीव. घुशी-उंदरांचा बंदोबस्त म्हणून ती एचडीपीई नळीत ओढली आणि पाइपलाइनच्याच चारीत दीड फुटावर टाकली. टोकं जोडायला गावातला केबलवाला पोरगा मशीन घेऊन आला, तासाभरात काम झालं. चारीला मात्र तीन दिवस लागले.

आता स्विच. पुतण्या हिंजवडीला नेटवर्कच्याच कामात आहे. तो म्हणाला, "काका, हे ऑफिसचं सामान आहे, शेतात कशाला?" पण निवड त्यानंच करून दिली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिस्कोचा जुना कॅटॅलिस्ट २९६०, चोवीस पोर्टचा, पीओई असलेला आणला. पीओई म्हणजे नेटच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज, पोर्टमागे १५.४ वॉटपर्यंत. त्यामुळे खळ्यावरच्या चार कॅमेऱ्यांचे ॲडॉप्टर गेले.

जुन्या मालात आधीच्या ऑफिसचा पासवर्ड असतोच. मोड बटण दाबून धरायचं, वीज द्यायची, निळी कन्सोल केबल लॅपटॉपला लावून ९६०० च्या वेगावर आत शिरायचं आणि जुन्या कॉन्फिग फाइलचं नाव बदलायचं. स्विच कोरा उठतो. दुसरी अडचण अशी की सिस्को परक्या कंपनीचं फायबर मॉड्यूल ओळखत नाही, पोर्टच बंद करतो. त्यावर 'सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर' ही कमांड आहे. मदतीच्या यादीत ती दिसत नाही, पण चालते.

खरा फायदा व्हीलॅनचा. सोप्या भाषेत, एकाच पाइपलाइनवर वेगवेगळे व्हॉल्व्ह. घरातले फोन १० मध्ये, कॅमेरे २० मध्ये, ड्रिप कंट्रोलर आणि हवामान केंद्र ३० मध्ये, पाहुणे ४० मध्ये. त्यांच्यामधली ये-जा राउटर ठरवतो, कारण हा स्विच नुसता वेगळं करतो. कॅमेऱ्यांना बाहेरचं इंटरनेटच नाही. पाहुण्याच्या फोनवर काहीही असो, तो मोटरीच्या कंट्रोलरपर्यंत पोचत नाही. ज्याच्या हातात व्हॉल्व्ह उघडणं आहे ते यंत्र लग्नाला आलेल्या पोरांच्या मोबाइलशेजारी ठेवणं मला पटत नाही.

विहिरीवर मात्र मोठा स्विच नको. आमचा ५० वॉटच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. पंख्याचा आवाज असा की घरातही तो झोपायच्या खोलीपासून लांब, धान्याच्या खोलीत ठेवलाय. विहिरीवर मायक्रोटिकचा छोटा हेक्स एस आहे. फायबरची खाच त्यातच येते आणि १२ ते ५७ व्होल्ट डीसी चालतं. सोलर पॅनेल आणि दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, २४ व्होल्ट. थ्री फेज रात्री येवो नाहीतर पहाटे, त्याला फरक पडत नाही.

हे सगळ्यांनी करावं असं मुळीच नाही. विहीर घराजवळ असेल आणि नुसता एक कॅमेरा असेल तर सिमचा राउटर पुरे. ज्यांच्याकडे ऑटोमेशन आहे त्यांनी निदान फायबरचा विचार करा. जुना स्विच नाही मिळाला तरी आठ पोर्टचा साधा मॅनेज्ड स्विच व्हीलॅन करतो.

स्विचच्या कॉन्फिगची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक छापून कपाटात ठेवलीय, पुतण्याचा फोन लागला नाही तर असावी म्हणून. छाटणीच्या आधी मोटर खोलीतलं अर्थिंग मोजून घ्यायचंय. खड्डा कोरडा पडलाय, आज संध्याकाळी त्यात दोन घागरी पाणी ओततो.