न झालेलं राज्य

ओक्लाहोमात राहायला गेल्यावर पहिल्याच वर्षी टाहलेक्वा गाव पाहिलं. तिथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीबरोबर चेरोकी लिपीही असते. डब्ल्यूसारखं दिसणारं अक्षर 'ला' वाचायचं, आरसारखं दिसणारं 'ए'. एका अक्षरात एक अख्खा उच्चार. टाहलेक्वा हे नाव त्या लिपीत तीनच अक्षरांत मावतं : दा, ली, क्वा. बाराखडी घोकत वाढलेली मी ती तीन अक्षरं बोटाने हवेत गिरवत बसले. त्या दिवसापासून या मातीचा इतिहास मला माहितीसारखा वाचता आला नाही.

ही लिपी घडवणाऱ्या सेक्वोयाला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, चेटकाचा संशय घेतला. आधी शिकली ती त्याची लहानगी लेक, अयोका. तिने वाचून दाखवलं तेव्हा जाणत्यांचा विश्वास बसला. ते साल १८२१. सात वर्षांत जॉर्जियातल्या न्यू इकोटा गावी या लिपीत वर्तमानपत्र छापलं जाऊ लागलं.

हो, जॉर्जियात. चेरोकींचं घर तिकडे होतं. ओक्लाहोमाची भूमी आधी दुसऱ्यांची होती. आर्कान्सा नदीकाठी स्पायरोला इ.स. ८०० ते १४५० या काळात मातीचे मोठे उंचवटे उभे राहिले, दूरच्या समुद्रातून आणलेल्या शिंपल्यांवर कोरीव काम झालं. कॅडो आणि विचिटा लोक ते उभारणाऱ्यांना आपले पूर्वज मानतात. १९३३ ते १९३५ मध्ये खजिना शोधणाऱ्यांनी तिथली दफनभूमी उपसली. हाती लागलं ते विकलं, शेवटी सुरुंगही लावला.

१८३० साली अँड्र्यू जॅक्सन यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली आणि चॉक्टॉ, क्रीक, चिकसॉ, सेमिनोल, चेरोकी या पाच राष्ट्रांना मिसिसिपीपलीकडच्या या प्रदेशात ढकलण्याचा मार्ग मोकळा झाला. चेरोकींच्या मूठभर माणसांनी १८३५ मध्ये जमीन सोडण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रमुख जॉन रॉस यांनी विरोधात पंधरा हजारांवर नावांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला. तरी सिनेटमध्ये करार एका मताने तरला. १८३८ मध्ये सैनिकांनी घराघरांतून माणसं बाहेर काढली, लाकडी कुंपणांत कोंडली. नंतरच्या वाटचालीसह सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार गेले असावेत, असा अंदाज सांगितला जातो. रॉस यांची बायको क्वाटी लिटल रॉकजवळ वारली. तिची कबर तिथेच आहे.

आणि तरीही पोहोचल्यावर या लोकांनी काय केलं? १८३९ मध्ये, त्या वाटचालीची जखम ओली असताना, टाहलेक्वाला बसून राज्यघटना लिहिली. १८४४ मध्ये पुन्हा वर्तमानपत्र काढलं. १८५१ मध्ये मुलींसाठी उच्च शिक्षणाची शाळा उघडली. सगळं हिरावलेल्या माणसांनी आधी छापखाना आणि शाळा उभी करावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ओक्लाहोमा हे नावही या पाच राष्ट्रांमधूनच आलं. चॉक्टॉ भाषेत 'ओक्ला' म्हणजे लोक, 'हुम्मा' म्हणजे लाल. चॉक्टॉ प्रमुख ॲलन राइट यांनी १८६६ मध्ये ते सुचवलं, मूळ रहिवाशांच्या प्रदेशासाठी. पण २२ एप्रिल १८८९ च्या दुपारी बारा वाजता बिगुल वाजले आणि हजारो गोरे वसाहतवाले घोड्यांवरून, गाड्यांतून जमिनी पटकवायला धावले. पुढे सामाईक जमिनीचे तुकडे झाले, १८९८ च्या कायद्याने जमातींची न्यायालयं मोडली.

शेवटचा प्रयत्न झाला १९०५ मध्ये. पाचही राष्ट्रांचे प्रतिनिधी मस्कोगीला जमले. क्रीक प्रमुख प्लेझंट पोर्टर अध्यक्ष, कवी अलेक्झांडर पोझी सचिव. त्यांनी वेगळ्या राज्याची घटना लिहिली आणि त्याला नाव दिलं सेक्वोया. अक्षरं देणाऱ्याचं नाव राज्याला! नोव्हेंबरात मतदान झालं : बाजूने ५६,२७९, विरोधात ९,०७३. वॉशिंग्टनने त्याची दखल घेतली नाही. मार्च १९०६ मध्ये टाहलेक्वाचं वर्तमानपत्रही बंद पडलं.

१६ नोव्हेंबर १९०७ ला ओक्लाहोमा सेहेचाळिसावं राज्य झालं. पोर्टर त्याआधी दोन महिने वारले होते. गथ्री गावातल्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्या दिवशी लुटुपुटूचं लग्न लागलं : नवरदेव वसाहतवाल्यांची ओक्लाहोमा टेरिटरी, नवरी पाच राष्ट्रांची इंडियन टेरिटरी. टाळ्या पडल्या. नवरीने दोन वर्षांपूर्वीच छपन्न हजार मतांनी नकार कळवला होता, हे कुणी बोललं नाही.

एका चेरोकी बाईची आठवण नोंदलेली आहे. तिचा नवरा गोरा. उत्सवाला चल म्हणाला, ती गेली नाही. घरीच थांबली आणि रात्रभर रडली. तिचा देश त्या दिवशी संपला होता. आपल्याकडे बायका पाठवणीला रडतात. ही बाई स्वतःच्या घरात बसून रडली, कारण घर होतं तिथेच होतं आणि माहेर उरलं नव्हतं.

मी गथ्रीलाही जाऊन आले. गावातल्या लाल विटांच्या जुन्या इमारती देखण्या आहेत. मला मात्र टाहलेक्वाच्या पाटीवरची ती तीन अक्षरं आठवत राहिली. या राज्यात राहणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासारख्या लांबून आलेल्याने तर नक्कीच, ती एकदा वाचायला शिकावीत.

ती लिहिणाऱ्यांची गोष्ट १९०७ ला संपली नाही. राज्य झाल्यावर चेरोकींचा प्रमुख अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष नेमू लागले. कधी कधी तर कागदावर सही करण्यापुरता, एका दिवसासाठी. आपला प्रमुख आपल्या मतांनी निवडणं चेरोकींना पुन्हा जमलं ते १९७१ साली, चौसष्ट वर्षांनी.